कवेत न मावणारं चर्च

मॉड बेडोज पाहुण्यांना चर्च दाखवू लागली की त्यांना वाटे, ही बाई आपलं घरच दाखवते आहे, आणि तेही ऐन पसाऱ्यात.

"या, या. पायाखाली बघा, पायरी झिजलेली आहे. ही कमान जरा फेंगडी आहे, मनावर घेऊ नका. नॉर्मन लोकांनी घाईघाईत बसवली. आणि मनोऱ्याकडे तर बघूच नका. अर्धाच आहे. प्लेग आला, निम्मे पाथरवट मेले, उरलेले पळाले. येतो म्हणाले होते परत. अजून येतायत!"

प्लेग येऊन गेला त्याला सहाशे वर्षं उलटली होती, पण मॉडच्या आवाजातली चीड कालपरवाची असे. कंत्राटदार ही जात कुठल्याही शतकात तिच्या विश्वासाला पात्र ठरली नव्हती. पाहुणे आधी हसत, मग तिचा चेहरा बघून हसू आवरत, आणि जाताना दाराजवळच्या पेटीत गुपचूप काहीतरी टाकून जात.

श्रॉपशरच्या टेकड्यांत हॉपस्टो नावाचं आमचं गाव आहे. तिथल्या सेंट मिलबर्गाच्या चर्चची मॉड वॉर्डन, म्हणजे देखभाल बघणारी, होती. कधीपासून, ते कुणाला आठवत नव्हतं आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. बाई बुटकी आणि रुंद. डोक्यावरची हॅट अशी घट्ट बसवलेली की वादळात उरलेला अर्धा मनोरा पडला असता, पण हॅट हलली नसती. पितळेच्या मेणबत्तीदाण्या घासणं, मनोऱ्यातून पडलेल्या कावळ्यांच्या काटक्या उचलणं, वेदीच्या कापडावरची वटवाघळांची घाण पुसणं आणि हे सगळं करताना मेलेल्या माणसांना टोमणे मारणं, हा तिचा रोजचा दिवस. जिवंत माणसांसाठी ती रविवार राखून ठेवी.

मेलेल्यांत तिचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे हम्फ्री लॅक. हा पंधराव्या शतकातला लोकरीचा व्यापारी. आयुष्यभर त्याने वजनात मारलं आणि म्हातारपणी नरकाच्या भीतीने चर्चच्या उत्तर अंगाला स्वतःच्या नावाचं एक उपचर्च बांधून घेतलं, की पाद्र्यांनी तिथे उभं राहून त्याच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना करावी. ते बांधकाम मूळच्या भिंतीतून पोट सुटावं तसं बाहेर आलेलं आहे. आत हम्फ्री आणि त्याची बायको पांढऱ्या दगडात शेजारी शेजारी आडवे आहेत. मॉड रोज फडक्याने त्याचं नाक पुसायची आणि सुनावायची, "उजेड अडवलास, गळकं छप्पर माझ्या गळ्यात मारलंस, आणि ही बिचारी पाचशे वर्षं तुझ्या शेजारी पडून आहे, तिला कधी विचारलंस का, बाई तुला थंडी वाजते का?" मग ती त्या दगडी बाईचंही नाक पुसायची, पण जरा हलक्या हाताने.

जिवंतांतला वैरी एकच होता. पर्सी हॉचकिस.

एके काळी पर्सी आणि मॉडचा नवरा एनॉक यांची गावात जोडगोळी होती. दोघे मनोऱ्यात घंटा वाजवत, दोघे एकाच बाकावर बसून प्रवचनात झोपत. पर्सी पेशाने चाकं आणि फाटकं बनवणारा सुतार, उंच, वाळका, आणि आवाज असा की त्याने खर्जात स्तोत्र धरलं की खिडकीच्या काचा बोलू लागत. मग एका जानेवारीत एनॉक छातीच्या दुखण्याने गेला. त्याला पुरून आठवडा होतो न होतो तोच मॉड दुपारी फुलं बदलायला चर्चमध्ये आली, तर उत्तरेच्या भिंतीशी शिडी, शिडीवर पर्सी, आणि पर्सीच्या हातात स्वयंपाकघरातलं उलथनं. भिंतीवरचा चुना तो खरवडत होता. खाली पांढऱ्या पापुद्र्यांचा ढीग, आणि वर, चारशे वर्षांच्या चुन्यातून बाहेर आलेला, एक पाय.

एकच पाय. उघडा, घोट्यापर्यंत पाण्यात बुडालेला, दाराच्या फळीएवढा मोठा. येशूच्या बाळाला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणाऱ्या संत ख्रिस्तोफरचा तो पाय. जुन्या काळी बहुतेक चर्चमध्ये दारासमोर हा संत रंगवलेला असे, कारण सकाळी त्याचं दर्शन झालं की त्या दिवशी अचानक मरण येत नाही असा लोकांचा समज होता. पुढे असली चित्रं म्हणजे मूर्तिपूजा ठरली आणि राजाज्ञेने साऱ्या भिंतींवर चुन्याचा हात फिरला. आमच्या ख्रिस्तोफरचं दुर्दैव असं की घोट्याच्या वर एका जहागीरदाराच्या स्मृतीची भलीथोरली संगमरवरी पाटी ठोकलेली आहे. म्हणजे संत मिळाला, पण घोट्यापुरताच.

मॉड संतापली. नुसती संतापली नाही, पुढच्याच रविवारी भर सभेत उभी राहून तिने पर्सीला भिंती कुरतडणारा उंदीर म्हटलं. पर्सीने आपलं स्तोत्रांचं पुस्तक उचललं, हॅट घेतली, मधल्या वाटेने चालत बाहेर गेला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या मेथडिस्ट पंथाच्या चॅपलमध्ये जाऊन बसला. तेव्हापासून तो चॅपलवाला झाला. आमच्याकडे चर्चवाला चॅपलमध्ये जाणं म्हणजे पोटच्या पोराने शेजारच्याला बाप म्हणावं तसलं. आणि जाताना तो खर्जही घेऊन गेला, त्यामुळे रविवारी आमची स्तोत्रं मांजराच्या पिल्लांनी म्हटल्यासारखी ऐकू यायची, तर रस्त्यापलीकडे काचा बोलायच्या.

मॉडला तो पाय पुन्हा चुन्याखाली गाडायचा होता, पण जुन्या वास्तूंच्या खात्याचे लोक आले, त्यांनी पायाला नमस्कार तेवढा करायचा बाकी ठेवला, आणि याला बोट लावायचं नाही अशी ताकीद देऊन गेले. आता येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा पायच विचारी. मॉड तोंड फिरवून बोट दाखवी, "तिकडे," आणि पुढे एक शब्द बोलत नसे.

अशी बरीच वर्षं गेली. गाव आटत गेलं. तरणी पोरं बर्मिंगहॅमच्या बाजूला कारखान्यांत गेली, शाळा बंद पडली, आणि पाद्री सहा गावांत मिळून एक झाला. आमच्या वाट्याला तो महिन्यातून एकदा यायचा, तोही घड्याळ बघत. मग एका हिवाळ्यात बिशपच्या हाताखालचे बडे पाद्री, आर्चडीकन थ्रेलफॉल, स्वतः आले. माणूस सभ्य, गोरा, आणि मऊ बोलणारा. मऊ बोलणाऱ्यांपासून जपावं, कारण ते तुमचं घर विकतील आणि तुम्हालाच चहाला थांबवतील.

"बाई, तुमची भक्ती आम्ही जाणतो," ते म्हणाले. "पण चर्च दगडांचं नसतं, माणसांचं असतं. आणि माणसं कुठे आहेत? शहरात नवं चर्च आहे. ऊब आहे, गाडी लावायला जागा आहे. खाली गालिचा आहे."

"गालिचा," मॉड म्हणाली. शिवी हासडावी तशी म्हणाली.

पण आतून ती हबकली होती. तिला फारसं काही नको होतं. या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, फेंगड्या कमानीखाली लग्न झालं, आणि एनॉकला याच दारातून बाहेर नेलं. त्याच्या शेजारची जागा तिने राखून ठेवली होती. आपली शवपेटी याच वेदीपुढे ठेवली जावी आणि याच झिजल्या पायरीवरून बाहेर जावी, एवढंच तिचं मागणं होतं. चर्चला कुलूप पडलं तर तिची शेवटची प्रार्थना त्या गालिच्यावर होणार होती, अनोळखी लोकांत, उबेत. ही कल्पना तिला मरणाहून वाईट वाटे.

"माणसं नाहीत म्हणता?" ती म्हणाली. "अहो साहेब, हे गाव अजून या चर्चला कव घालू शकतं!"

बाई बोलून गेली आणि मग जीभ चावली. कव घालायचा रिवाज आमच्याकडे फार जुना. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांच्या मध्यावर जो आईचा रविवार येतो, त्या दिवशी सगळ्या गावाने हातात हात धरून, भिंतीकडे तोंड करून, चर्चभोवती उभं राहायचं, आणि कडं पुरं झालं की तीनदा जयजयकार करायचा. पण शेवटचं पुरं कडं झालं तेव्हा मॉड दोन वेण्या घालणारी पोर होती. अलीकडे लोक दक्षिणेच्या बाजूला उन्हात उभे राहून उरलेल्या तीन बाजू झाल्या असं समजत आणि सिम्नेल केक खायला पळत.

आर्चडीकनना गंमत वाटली. "कव घाला," ते म्हणाले. "पुरी. उत्तरेकडून सुद्धा. मग या पदावर मी आहे तोवर कुलपाची गोष्ट काढणार नाही."

"तुमचं वय काय?" मॉडने विचारलं.

"एकावन्न."

"चालेल," मॉड म्हणाली. "तेवढ्यात माझं होऊन जाईल."

दुसऱ्याच दिवशी तिने कपडे वाळत घालायची दोरी आणली आणि चर्चला मोजलं. तेव्हा तिला कळलं की जुन्या लोकांनी बांधताना तिचा जराही विचार केलेला नव्हता. भिंत सरळ जाईल तर शपथ. दर चार पावलांवर दगडी धिरा बाहेर आलेला, आणि प्रत्येक धिऱ्याला वळसा घालायचा म्हणजे एक माणूस जादा. आणि मग उत्तरेला हम्फ्री लॅकचं ते सुटलेलं पोट! त्या एका पोटालाच वीस माणसं लागत होती. मॉड आत गेली आणि हम्फ्रीच्या तोंडासमोर दोरी नाचवत म्हणाली, "मेल्या, तुला साधी कबर पुरली नसती?"

शंभरावर माणसं हवी होती, आणि गावात चर्चची म्हणून सत्तर निघत होती, तीही तान्ही मुलं धरून. धनगर टेड गिटिन्सने आपली दोन कुत्री देऊ केली. त्यावर पबमध्ये आठवडाभर वाद झाला. कुत्र्याने पंजा दिला तर तो हात धरायचा की नाही, इथपर्यंत गाडी आली. शेवटी मॉडने निकाल दिला, की बाप्तिस्मा नाही, तर कव नाही.

उरलेली माणसं एकाच ठिकाणी होती, रस्त्यापलीकडे. आणि चॅपलवाले पर्सीच्या शब्दाबाहेर नव्हते. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण गाढवाने निदान हरीला दारात ताटकळत उभं तरी केलं नसेल. पर्सीने दार उघडलं, मॉडला पाहिलं, आणि आत जाऊन चष्मा घालून परत आला.

"कोण? मॉड बेडोज? मला वाटलं, कुणी ओळखीचं आहे की काय."

"वेड पांघरू नकोस. रविवारी तुझी माणसं हवीत मला."

"कशाला?"

"तुला ठाऊक आहे कशाला. सगळ्या गावाला ठाऊक आहे. गिटिन्सच्या कुत्र्यांना ठाऊक आहे."

पर्सी दाराला टेकला. "एका अटीवर. रविवारी सगळ्यांसमोर म्हणायचं, पर्सीने उघडा केलेला पाय चांगला आहे."

"त्या पायाला सहा बोटं आहेत!"

"पाच आहेत. सहावं वाटतं ती वाम आहे, पाण्यातला मासा. एवढी वर्षं तू नीट बघितलासुद्धा नाहीस."

"मी कशाला बघू? संत रंगवायचा होता की बाजारातला मासे विकणारा?"

"मग पडा कमी," पर्सी म्हणाला, आणि दार लावून घेतलं. मॉड बंद दाराला आणखी थोडं बोलली आणि घरी आली. चहाची किटली चुलीवर ठेवून ती खुर्चीत बसली, आणि पाणी उकळून अर्धं झालं तरी उठली नाही.

आईचा रविवार उजाडला तो गार वारं घेऊन. आर्चडीकन गळपट्टा गुंडाळून आले. सहा गावांचा आमचा पाद्री घड्याळ बघत आला. गाव तर झाडून आलं. ज्यांनी लग्नानंतर चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं तेही आले, आणि बर्मिंगहॅमची काही पोरंही आयांनी दटावल्यामुळे आली. रस्त्यापलीकडे, दगडी कुंपणाशी, चॅपलवाले ठेवणीतल्या हॅट घालून उभे होते. सहज. हवा खायला. पर्सी सगळ्यांच्या पुढे, हात पाठीमागे बांधून.

"तुम्ही उभे राहा," आर्चडीकन म्हणाले. "तोवर मी आत जाऊन तो प्रसिद्ध पाय बघतो." आणि ते दक्षिणेच्या दारातून आत गेले. खरं म्हणजे आत वारा नव्हता.

गाव उभं राहिलं म्हणजे काय, तर सगळं गाव दक्षिणेला उभं राहिलं. तिथे ऊन होतं, केकचं टेबल होतं. उत्तरेला चिखल, शेवाळ, आणि मार्चातच डोकं वर काढणारी खाजरी पानं. शिवाय ती सैतानाची बाजू, असं जुनी माणसं मानत. आता कुणी मानत नसलं तरी तिकडे जायची वेळ आली की ज्याला त्याला ते आठवे. वर आमची माणसं सभ्य. "तुम्ही जा पुढे." "छे, छे, आधी तुम्ही." अशा आग्रहात पाव तास गेला आणि कुणी पाऊलभर हललं नाही. शेवटी मॉडने छत्रीच्या टोकाने एकेकाला हाकललं, आणि सर्वांत शेवटी उत्तरेच्या चिखलात, लॅकच्या पोटाला वळसा घालून, ती स्वतः उभी राहिली. तिच्या उजव्या हातात खाटिकाच्या बायकोचा, ग्लॅडिस टिप्टनचा हात होता. डाव्या हातात काही नव्हतं. पुढे कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत मोकळी होती, आणि तिच्यापलीकडे कडं पुन्हा सुरू होत होतं.

तिने त्या मोकळ्या भिंतीकडे पाहिलं. मग कुंपणाकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग पुन्हा लाल.

"पर्सी हॉचकिस!" ती ओरडली. "पाय चांगला आहे!"

सगळ्या कड्याने माना वळवल्या.

"कुठला पाय?" पर्सीने कुंपणावरून विचारलं.

"तुला ठाऊक आहे कुठला!"

"बोटं किती?"

मॉडने डोळे मिटले. ज्यांनी तिचं लग्न आणि वैधव्य दोन्ही पाहिलं ते सांगतात, की आयुष्यात तिला एवढं कठीण काही गेलं नसेल. "पाच!" ती म्हणाली. "मेल्या, पाच!"

चॅपलवाले हसत हसत कुंपण चढून आले. बायका झगे सावरत, म्हातारे एकमेकांना ढकलत. खाजऱ्या पानांतून ओरडत ते ओळीने उभे राहिले आणि मोकळी भिंत भरत भरत मॉडकडे आली. शेवटी पर्सी उभा राहिला. त्याने उजवा हात लांब केला, मॉडने डावा. दोघांच्या बोटांत हातभर अंतर उरलं.

एक माणूस कमी पडत होता. कुंपणापलीकडे आता कुणी नव्हतं. फक्त गिटिन्सची कुत्री होती.

एवढं करून, पाच बोटं कबूल करून, हातभर! तिने मान वळवून कड्याकडे पाहिलं, आणि मग तिला दिसलं. सगळं गाव भिंतीपासून दोन-दोन पावलं मागे उभं होतं, परक्याच्या घरात सोफ्याच्या काठावर बसावं तसं अंग चोरून. कोपरं अंगाला चिकटवलेली, हातात हात असा धरलेला की जणू दुसऱ्याचा रुमाल परत करायचा आहे. आमच्या लोकांना माणसाला मिठी मारायचा संकोच, मग चर्चला कोण मारणार?

"भिंतीला चिकटा!" मॉड गरजली. "पुढे व्हा! पोटं लावा दगडाला! लाजता काय? तुमचंच आहे ते!"

हुकूम तोंडोतोंडी कोपऱ्याआड गेला, आणि जाता जाता जो तो त्यात आपल्या पदरचं घालत होता, "पोट आत घे, आल्फ," "नाक लाव, नाक." हळूहळू शंभरावर माणसं दोन पावलं पुढे सरकली. छात्या दगडाला लागल्या, गाल शेवाळाला लागले. धिऱ्यांच्या फटींत माणसं घुसली. कडं आवळलं तसं प्रत्येक कोपऱ्यावर थोडी थोडी जागा वाचू लागली. मॉडने गाल भिंतीला टेकवला आणि हात ताणला. आधी बोटांची टोकं लागली, मग पेरं, आणि मग पर्सीचा सुताराचा खडबडीत पंजा तिच्या हातावर मिटला.

पण हे आर्चडीकनना कोण सांगणार? ते पाय बघून दक्षिणेच्या दारात आले, तर दारात पबवाला बर्ट इव्हरॉल आणि त्याची बायको हात पसरून उभे होते, आणि बर्ट पसरला की त्याच्या बाजूने मांजरही जात नसे. साहेबांचा निरोप कोपरे वळत मॉडकडे आला, "साहेब विचारतायत, उत्तरेला लागलं का, आणि त्यांना बाहेर येता येईल का."

"आधी शब्द म्हणावं," मॉडने उलट निरोप धाडला. "आणि विश्वास नसेल तर बर्टला म्हणावं, डावीकडचा हात दाब. दाब पुढे द्या. फिरून त्याच्या उजव्या हाताला आला, तर कव पुरी."

थोडा वेळ काही झालं नाही. सगळं गाव दगडाला कान लावून उभं होतं. मग ग्लॅडिस टिप्टनने मॉडचा उजवा हात दाबला. मॉडने डावा दाबला. पर्सीने पलीकडे दिला, आणि तो दाब चॅपलवाल्यांच्या हातांतून कोपऱ्याआड गेला.

"मॉड," पर्सी हळूच म्हणाला. दोघांची तोंडं भिंतीकडे होती.

"भिंतीकडे बघ."

"तिकडेच बघतोय. माझं नाक दगडात आहे." मग तो म्हणाला, "मी एकट्याने करायचं नव्हतं ते. एनॉक आणि मी मिळून करायचं होतं. पोरवयापासून तो म्हणायचा, दारासमोरची भिंत आहे, म्हणजे आत ख्रिस्तोफर असणारच. शिडीसुद्धा त्याचीच होती. आणि तो गेला. मला सुचेना काय करावं. तुझ्या दारापर्यंत दोनदा आलो आणि मागे फिरलो. मग शिडी घेतली."

मॉडने गाल दगडाला आणखी दाबला.

"मी किटली ठेवत होते," ती म्हणाली. "त्या आठवड्यात रोज दुपारी दोन कप मांडत होते. मला वाटलं, पर्सी येईल. सगळं गाव आलं आणि तू आला नाहीस. आणि मग बघते तर तू शिडीवर. मला वाटलं, ह्याला काहीच वाटलं नाही."

"मला सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं."

"तू उंदीर म्हणालीस."

"उंदीरच आहेस तू."

"आहे," पर्सी म्हणाला.

मॉडच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि थेट सेंट मिलबर्गाच्या भिंतीवर गेलं. तिला पुसता येईना, कारण दोन्ही हात अडकलेले. एवढी वर्षं तिला त्याचा राग होता हे खरं, पण त्याहून जास्त त्याची उणीव होती, आणि हे ती आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल करत होती.

तेवढ्यात दक्षिणेकडून आरोळी उठली. बर्टच्या उजव्या हाताला दाब पोचला होता. आर्चडीकनांनी त्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं, असं पुढे तो सांगे. निरोप आला, तोंडोतोंडी, शंभर माणसांच्या हसण्यासकट, की साहेबांनी शब्द दिला. कुलूप नाही. जयजयकार तीनदा झाला, आणि तिसऱ्यांदा पर्सीने त्यात आपला खर्ज घातला तेव्हा खिडकीच्या काचा बोलल्या.

आता हात सोडायचे आणि केक खायचा. पण पहिला हात कोणी सोडायचा? आधी सोडला तर शेजारच्याला काय वाटेल, या विचाराने जो तो थांबला होता. वारा गार होता, केक टेबलावर होता, साहेब दारात अडकलेले होते, आणि सगळं हॉपस्टो चर्चला कवटाळून गप्प उभं होतं.

"मॉड," पर्सी म्हणाला, "आता सोडलास तरी चालेल हं."

"गप्प उभा राहा," मॉड म्हणाली. "अजून कोणी सोडलेला नाही."